तिरके टेबल, सरळ निदान

पुण्या-ठाण्याकडच्या नव्या गृहसंकुलांत ‘क्लब हाऊस’ नावाची एक खोली असते. तिथे ट्रेडमिल, कॅरम, टेबल टेनिस आणि हल्ली बरेचदा एक पूल टेबलही असते. टेबल येते, दोन-तीन माणसे ते अर्ध्या दिवसात जोडून निघून जातात आणि पहिल्याच रविवारी तक्रारी सुरू होतात. हळू मारलेला बॉल सरळ न जाता एका बाजूला वळतो. एका कडेवर आपटला की मेल्यासारखा परत येतो. मध्येच कुठेतरी ‘टक्’ असा आवाज करून उडतो. कुणी म्हणते खेळणाऱ्याचा हात वाकडा, कुणी म्हणते मालच हलका. मग एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली जाते. आठवडाभर बरे वाटते, पुन्हा मूळपदावर. शेवटी चार धडधाकट सभासद टेबल उचलून ‘जरा सरकवून बघू’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एखादा कंबर धरून दवाखान्याच्या बाकावर बसलेला असतो.

ताप हे लक्षण असते, आजार नव्हे. तापाची गोळी देऊन अंग थंड करता येते, पण मलेरिया आहे की टायफॉइड हे त्याने कळत नाही. पायाखालची पुठ्ठ्याची घडी ही अशीच तापाची गोळी आहे. वाईट बसवलेले टेबल बहुतेक वेळा दुरुस्त होते, नवे घ्यावे लागत नाही. मात्र आधी निदान हवे, ते ठरावीक क्रमाने व्हायला हवे आणि दुरुस्तीच्या नादात कुणाची कंबर, बोटे किंवा फुप्फुसे खर्ची पडता कामा नयेत.

पाटीचाच दगड

चांगल्या पूल टेबलच्या हिरव्या किंवा निळ्या कापडाखाली लाकूड नसते, दगड असतो. हा दगड म्हणजे स्लेट. मराठी माणसाला तो चांगला ओळखीचा आहे, कारण शाळेची जुनी पाटी याच दगडाची असे. चिखलाचे थर लाखो वर्षे दाबाखाली राहून हा दगड बनतो आणि एकाच दिशेने सपाट पापुद्र्यांत फुटतो. महाराष्ट्राच्या काळ्या बेसाल्टला हा गुण नाही. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगते आणि वाकते, स्लेट तसे करत नाही. म्हणूनच लंडनचे टेबल बनवणारे जॉन थर्स्टन यांनी १८२६ च्या सुमारास लाकडी फळ्यांऐवजी स्लेट वापरायला सुरुवात केली आणि पुढे तीच रीत झाली. या खेळाच्या कुळाशी भारताचेही नाते आहे. स्नूकर हा पूलचा भाऊबंद १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला. बिलियर्ड्समध्ये १९५८ साली भारताला पहिले जागतिक विजेतेपद मिळवून देणारे विल्सन जोन्स हे पुण्याचे.

दगड म्हटला की वजन आले. आठ फुटी टेबलची स्लेट सुमारे २.४ मीटर लांब, १.३ मीटर रुंद आणि २५ मिलिमीटर जाड धरली, तर तिचे वजन २०० किलोंच्या वर जाते. म्हणूनच ती सहसा तीन तुकड्यांत येते आणि एकेक तुकडा ७० किलोंच्या आसपास भरतो. लाकडी सांगाडा, कडेच्या पट्ट्या आणि पाय वेगळेच. हे तीन तुकडे एका पातळीत जुळवून त्यांचा एकच सपाट पृष्ठभाग करणे हे टेबल बसवण्यातले खरे कौशल्य. घाईचे काम नेमके इथेच फसते.

एका मिलिमीटरचा हिशोब

‘इतकासा उतार, त्याने काय होते?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. टेबलाच्या रुंदीत दर मीटरला फक्त एक मिलिमीटर उतार आहे असे समजा. उतारावरून घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याला गुरुत्वाकर्षणाच्या त्या दिशेतल्या ओढीच्या पाच सप्तमांश एवढा वेग दर सेकंदाला मिळत जातो. बाकीची ओढ गोळ्याला स्वतःभोवती फिरवण्यात खर्च होते. या हिशोबाने टेबलाची लांबी पार करायला चार सेकंद घेणारा हळू बॉल सुमारे ५६ मिलिमीटर बाजूला सरकतो. पूलच्या बॉलचा व्यास आहे ५७ मिलिमीटर. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या त्या उताराने बॉल जवळजवळ पूर्ण एक बॉलभर चुकतो!

तोच बॉल जोरात मारला आणि एका सेकंदात पलीकडे गेला, तर सरकणे जेमतेम साडेतीन मिलिमीटर. टेबल ‘कधी बरे, कधी वाईट’ का वाटते, याचे उत्तर इथे आहे. जोराने खेळणाऱ्याला दोष जाणवत नाही, हळू खेळणारा मात्र हैराण होतो आणि दोघांचेही म्हणणे खरे असते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत टेबलाच्या संपूर्ण लांबीत साधारण अर्धा मिलिमीटर आणि रुंदीत पाव मिलिमीटर एवढाच फरक चालतो. गवंड्याच्या पाणसळीत मीटरला अर्ध्या-एक मिलिमीटरच्या आतला फरक नीट दिसत नाही, मोबाइलवरच्या ॲपचे तर विचारूच नका. भिंत बांधायला पाणसळ पुरते. टेबलासाठी कारखान्यात लेथ मशीन बसवताना वापरतात तशी यंत्रकामाची बारीक लेव्हल लागते. टेबल बसवायला आलेल्या माणसाच्या पिशवीत ती नसेल, तर काम अंदाजाने होणार हे तिथेच ओळखावे.

दोष कुणाचा: टेबलाचा, बॉलचा की हाताचा?

डॉक्टर आधी इतिहास विचारतात, मग तपासतात. टेबलाची तपासणीही पैसे खर्च न करता घरच्या घरी होते. क्यू बाजूला ठेवा. जाड कागदाची दुमडून पन्हाळी करा आणि तिच्यावरून बॉल अलगद सोडा, म्हणजे हाताचा दोष मधे येणार नाही. बॉल टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सोडा आणि मग उलट दिशेनेही सोडा.

दोन्ही वेळा बॉल खोलीच्या एकाच बाजूला, समजा खिडकीकडेच, वळला तर टेबलाला उतार आहे. पन्हाळीवरून तो सरळ जातो, पण क्यूने मारल्यावर प्रत्येक वेळी खेळणाऱ्याच्या डाव्या हाताला वळतो, मग खेळणारा टेबलाच्या कोणत्याही टोकाला उभा असो, तर दोष खेळणाऱ्याच्या फटक्यात आहे आणि मिस्त्रीला बोलावून उपयोग नाही. बॉल नेहमी एकाच ठिकाणी उडत किंवा अडखळत असेल, तर तिथे दोन स्लेटांचा सांधा वर-खाली आहे किंवा कापडाखाली कचरा, स्टेपलचा तुकडा अथवा मेणाचा गोळा राहिला आहे. फक्त एकच बॉल विचित्र वागतो आणि बाकीचे सरळ जातात, तर तो बॉलच बदला. दहा मिनिटांच्या या चाचणीने सोसायटीतले निम्मे वाद मिटतात.

दुसरी तपासणी कानाची. ऑस्ट्रियातले डॉक्टर लिओपोल्ड ऑएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये रुग्णाच्या छातीवर बोटांनी ठोकून आजार ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खाणावळ चालवत. पिंपात दारू किती उरली हे पिंप ठोकून कळते, तिथूनच ही कल्पना सुचली असे सांगतात. टेबलाच्या कडेलाही हेच लागू पडते. कडेच्या लाकडी पट्टीवर मुठीने थोड्या थोड्या अंतरावर ठोकत जा. घट्ट बसलेली पट्टी सगळीकडे सारखी भरीव वाजते. एखाद्या ठिकाणी खडखड किंवा भदभद आवाज आला, तर तिथला बोल्ट ढिला आहे. कडेवरून बॉल मेल्यासारखा परत येण्यामागे नव्या टेबलात बहुधा हेच कारण असते, रबर खराब असल्याचे नव्हे.

कुशनच्या रबराची उंचीही पाहावी. बॉलला स्पर्श करणारी रबराची धार बॉलच्या व्यासाच्या सुमारे ६३.५ टक्के उंचीवर, म्हणजे पूलच्या टेबलावर साधारण ३६ मिलिमीटरवर असायला हवी. धार जास्त वर असेल तर बॉल आपटताच खाली दाबला जातो आणि त्याची गती मरते. खाली असेल तर बॉल उडी मारतो. या टकरींचे आणि बॉलच्या फिरकीचे गणित फ्रेंच शास्त्रज्ञ गास्पार कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये बिलियर्ड्सवर लिहिलेल्या पुस्तकात मांडले. मोसमी वारे ज्या परिणामामुळे वळतात, त्याला ज्यांचे नाव आहे, तेच हे कोरिऑलिस.

उपचाराचा क्रम: खालून वर

दुरुस्तीत सर्वात जास्त पैसे वाया जातात ते क्रम चुकल्याने. बॉल नीट जात नाही म्हणून आधी नवे कापड लावले जाते, नंतर लक्षात येते की दोष सांध्यात आहे, आणि तेच नवे कापड उचकटावे लागते. योग्य क्रम एकच: जमीन, सांगाडा, स्लेट, सांधे, कापड आणि शेवटी कड.

जमिनीपासून सुरुवात. टेबलाचे तीन-चारशे किलो वजन चार-सहा पायांच्या छोट्या जागेवर येते. फरशीखाली पोकळी असेल तर ती फरशी दबते किंवा तडकते आणि उत्तम बसवलेले टेबलही महिन्याभरात तिरके होते. नाण्याने फरशी ठोकून पोकळ आवाज येतो का हे आधी पाहावे. जाड गालिच्यावर टेबल बसवले असेल तर पाय हळूहळू रुततात. पायाखाली आधार द्यायचा तो कठीण आणि न दबणारा असावा आणि पायाच्या पूर्ण तळाला टेकावा. कागद, पुठ्ठा आणि रबराचे तुकडे दबतात.

त्यानंतर सांगाडा समपातळीत आणायचा. स्लेटचे बारीक जुळवणे मात्र पायांनी होत नाही. ते सांगाडा आणि स्लेट यांच्यामध्ये पातळ लाकडी पाचरी सरकवून होते. पाचर केसभर आत गेली की स्लेटचा कोपरा केसभर उचलला जातो. दगड जिथे अधांतरी राहतो तिथे काळाच्या ओघात किंचित खाली वाकतो, म्हणून सांध्यांच्या खाली आधार हवाच. तिन्ही तुकडे जुळले की सांध्यावर पोलादी पट्टी उभी धरून मागून टॉर्च लावतात. पट्टीखालून उजेड दिसला तर अजून काम बाकी आहे. उजेड बंद झाला की स्क्रू आवळायचे आणि आवळल्यावर पुन्हा तपासायचे, कारण स्क्रू आवळताना दगड हलतो. मग सांध्यात मेण किंवा लांबी भरून ती सपाट करायची.

कापड त्यानंतर. ते सगळ्या बाजूंनी सारखे ताणलेले हवे. सुरकुती ही दोषाची खूण, पण एका बाजूला जास्त ताण हा न दिसणारा दोष. शेवटी कडेच्या पट्ट्या. त्यांचे बोल्ट मोटारीच्या चाकाचे नट आवळतात तसे, सगळे थोडे थोडे करत, फेऱ्याफेऱ्याने आवळावेत. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेले की पट्टी पिळली जाते.

कोकण, मुंबई आणि गोव्यात एक गोष्ट आणखी लक्षात ठेवावी. टेबलाच्या कापडात लोकर असते आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये कापड सैल आणि बॉल संथ होतो. स्नूकरच्या मोठ्या स्पर्धांत टेबलाखाली हीटर लावतात ते याचसाठी. पावसाळ्यात ‘टेबल बिघडले’ असे वाटले, तर आधी खोली दोन-तीन दिवस कोरडी ठेवून पाहावी, कापड बदलण्याची घाई करू नये. स्वस्त टेबलात स्लेटऐवजी लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी असते. ती एकदा ओल्या हवेत फुगली की सपाट होत नाही. तिथे दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

कंबर, बोटे आणि फुप्फुसे

जोडलेले टेबल कधीही उचलू नये. त्याने पायांचे सांधे ढिले होतात, स्लेटचे सांधे उघडतात आणि मुख्य म्हणजे कंबर जाते. माणूस वाकून वजन उचलतो तेव्हा ते वजन मणक्यापासून साधारण ३५ सेंटिमीटर पुढे असते, तर ते पेलणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या जेमतेम पाच सेंटिमीटर मागे. तरफेच्या नियमाने स्नायूंना सातपट जोर लावावा लागतो. एका माणसाच्या वाट्याला ३० किलो आले, तरी कमरेच्या चकतीवर दोनशे किलोंहून अधिक दाब पडतो. आदर्श स्थितीतही एका माणसाने २३ किलोंपेक्षा जास्त उचलू नये, असे अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचे सूत्र सांगते. ७० किलोंच्या स्लेटला दोन माणसे कमी पडतात, ते यामुळेच.

उचकीसारखी अचानक चमक भरली तर घाबरू नये. अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत बरी होतात आणि अंथरुणावर पडून राहण्यापेक्षा झेपेल तेवढे चालत-फिरत राहणे चांगले. पण पायातली ताकद कमी झाली, गुदद्वार-जननेंद्रियाभोवती बधिरपणा आला किंवा लघवी अडली अथवा नकळत झाली, तर मलम चोळत बसू नये. मणक्यातल्या नसांवर दाब आल्याची ही खूण आहे. त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर मोठे रुग्णालय गाठावे. उशीर झाला तर हानी कायमची राहू शकते.

स्लेट आणि सांगाडा यांच्यामध्ये बोट चिरडणे हा दुसरा नेहमीचा अपघात. हातात अंगठी असेल तर सूज चढण्याआधी ती काढावी. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी, हात वर ठेवावा. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट काहीही लावू नये. बोटाचा तुकडा सुटलाच, तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तुकडा थेट बर्फात ठेवला तर पेशी मरतात. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

तिसरा धोका दिसत नाही. सांधा वर-खाली दिसला की काही कारागीर विजेच्या ग्राइंडरने दगड घासतात आणि खोलीभर करडी धूळ उडते. स्लेटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि तिथे व्रणासारखे तंतू तयार होतात. हा सिलिकोसिस. एकदा झाला की औषधाने मागे फिरत नाही आणि अशा रुग्णाला क्षयरोगाचा धोकाही वाढतो. मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांनी याची किंमत मोजली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या कामगारांना तपासले, तेव्हा तरुण वयातच सिलिकोसिस झालेले अनेक जण आढळले. देशभरच्या मुलांनी ज्या पेन्सिलींनी अक्षरे गिरवली, त्यांची धूळ त्या कामगारांच्या छातीत राहिली.

एका दिवसाच्या धुळीने सभासदाला सिलिकोसिस होणार नाही. पण तो कारागीर आज इथे, उद्या तिथे, वर्षानुवर्षे हेच काम करतो. कोरडे घासू देऊ नये. बहुतेक वेळा पाचर नीट बसवली की घासण्याची गरजच पडत नाही. पडलीच तर पाणी शिंपडत हाताने घासावे, विजेच्या यंत्रावर पाणी ओतू नये. रुमाल किंवा साधा कापडी मास्क हे कण अडवत नाही, तोंडाला नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो. झाडूने धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कापड आणि रबर चिकटवण्याच्या डिंकातल्या वाफांनी डोके दुखते, गरगरते आणि त्या पेटही घेतात. ते काम एसी लावून बंद खोलीत नव्हे, खिडक्या उघडून करावे.

जे दुरुस्त होत नाही

एक दोष कोणत्याही मिस्त्रीच्या हातचा नाही, तो म्हणजे अपुरी जागा. क्यू जवळजवळ दीड मीटर लांब असतो आणि चारही बाजूंना तेवढी मोकळी जागा लागते. आठ फुटी टेबलाला त्यामुळे साधारण १७ फूट बाय साडेतेरा फुटांची खोली हवी. कमी जागेत बसवले की भिंतीजवळचा प्रत्येक फटका कंबर पिळून, क्यू उभा धरून मारावा लागतो. खांदा आणि पाठ दुखण्याची तक्रार मग खेळाच्या नावावर जाते. टेबल घेण्याआधी खोली मोजणे हाच इथला उपचार.

दुरुस्ती ठरवताना सोसायटीने तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. स्लेट हलवायला किमान चार माणसे येतील. बारीक लेव्हल आणली जाईल आणि काम झाल्यावर पन्हाळीची चाचणी सर्वांसमोर होईल. दगडाची कोरडी घासाई होणार नाही. दर दोनशे-पाचशे रुपयांनी वाढला तरी ही रक्कम कमरेच्या एका एमआरआयपेक्षा कितीतरी कमी आहे. वजन उचलणाऱ्या आणि धूळ खाणाऱ्या त्या कारागिराला एमआरआय परवडत नाही आणि त्याच्या छातीचा एक्स-रे सहसा कुणी काढत नाही. म्हणून ही काळजी काम देणाऱ्यानेच आधी घ्यायची.